मागीलदारचं कुंपण: डागडुजी पुरेल की नवंच घालायचं?

कोकणात गावी नव्यानं राहायला आलेल्या किंवा वाडवडिलांच्या घराची देखभाल पहिल्यांदाच हाती घेतलेल्या माणसाची परसातल्या कुंपणाबाबत दोन प्रकारे फसगत होते. तार तांबूस झाली, चिरा (जांभ्या दगडाचा ठोकळा) काळा पडला की कुंपण गेलं असं समजून सगळं उपटलं जातं. नाहीतर खांब जमिनीलगत कुजलेला असूनही वरून ताठ दिसतो, म्हणून त्याच्यावरच नवी जाळी चढवली जाते. पहिल्या चुकीत चांगला माल फुकट जातो, दुसऱ्या चुकीत नवी जाळी पहिल्याच आषाढात आडवी होते. तार, जाळी आणि बेडं (फाटक) कधीही बदलता येतं. कुंपण ठेवायचं की काढायचं हे मात्र खांबाचा पाय पाहूनच ठरवायचं.

पायच का, तर जमिनीच्या वर वारा-ऊन लाकूड सुकवतं आणि दीड-दोन फूट खाली हवा कमी पोचते. मधला वीतभर पट्टा असा असतो की तिथं ओल आणि हवा दोन्ही भरपूर मिळतात. बुरशी, वाळवी आणि गंज, तिघांनाही हेच हवं असतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो, म्हणजे तेवढा काळ हा पट्टा सुकतच नाही. त्यात समुद्रावरचा खारा वारा. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, त्यामुळे किनाऱ्यालगतच्या आगरात (माड-पोफळीच्या बागेत) उन्हाळ्यातही लोखंडाला सुटका नसते.

तपासणी कधी करायची

गणपती झाल्यावर, पाऊस ओसरत असताना. माती अजून मऊ असते, त्यामुळे खांबाच्या बुडाशी खणायला कष्ट पडत नाहीत, आणि पावसानं केलेलं नुकसान ताजं दिसतं. मे महिन्यात तीच माती दगडासारखी होते आणि कुजका खांबसुद्धा घट्ट उभा असल्याचा भास होतो. मेमधल्या तपासणीवर भरवसा ठेवू नका.

दुसरं कारण गुरांचं. भातकापणी झाली की बऱ्याच गावांत गुरं मोकळी सोडतात. परसातल्या भाजीला, केळीच्या पिल्लांना, नव्या कलमांना खरा धोका तेव्हापासून असतो. त्यामुळे सप्टेंबरअखेर तपासणी, ऑक्टोबरात मालाची जुळवाजुळव आणि दिवाळीच्या आगेमागे काम, हा क्रम धरा. काम एकेक बाजू पुरी करत पुढं न्या. चारही बाजू एकदम उघड्या टाकून गडी दोन दिवस आले नाहीत, तर वर्षाची मेहनत एका रात्रीत जाते.

तपासणी कशी करायची

वही, गेरू किंवा खडू, पहार, खुरपं, हातोडी, जुना स्क्रू-ड्रायव्हर आणि ओळंबा एवढं सामान पुरतं. पायात बूट हवेतच. पालापाचोळ्यात आणि सुट्या चिऱ्यांखाली फुरसं हा विषारी साप असतो, तो लहान आणि मातीच्या रंगाचा असल्यानं पटकन दिसत नाही. दगड उचलताना बोटं खाली घालू नका, आधी पहारीनं उलटा.

फाटकापासून सुरुवात करून प्रत्येक खांबावर गेरूनं आकडा घाला आणि वहीत तोच क्रम लिहा. मग प्रत्येक खांब छातीच्या उंचीवर दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर ढकला. या वेळी नजर खांबाच्या शेंड्यावर नको, बुडाशी ठेवा. खांब हलताना भोवतीची मातीही त्याच्याबरोबर हलत असेल, बुडाशी फट पडून त्यातून पाणी बुडबुडत असेल, तर खांब चांगला आहे, भराव सैल झालाय. माती जागच्या जागी राहून नुसता खांबच झुकत असेल, तर तो आत मोडलाय किंवा कुजलाय. ही एक खूण नीट ओळखता आली की अर्धं काम झालं.

सैल भरावाचा खांब बदलायची गरज नाही. भोवतालची माती फूटभर उकरा, चिऱ्याचे तुकडे आणि मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत घालून पहारीच्या बुडानं ठोका. नुसती तांबडी माती भरलीत तर पुढच्या पावसात तिचा पुन्हा चिखल होईल.

हलले नाहीत त्या खांबांतलेही निदान प्रत्येक तिसऱ्या खांबाचे बूड सहा इंच उकरून बघा. ओलीच्या जागा आधी घ्या: पागोळीखाली, न्हाणीच्या सांडपाण्याजवळ, माडाच्या आळ्यालगत. लाकडी खांबात स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबा. अर्ध्या इंचाहून जास्त सहज घुसलं तर खांब गेला असं लिहा. वाळवीची मातीची नळी दिसली तर ती खरवडून हातोडीनं ठोका. भरीव खांबाचा आवाज टणक येतो, पोखरलेल्याचा बद्द. ऐन, किंजळ यांचे खांब वरून धड दिसत असतानाच आतून पोकळ होतात. खैराचा गाभा खूप टिकतो, पण त्याचं बाहेरचं पांढरं लाकूड लवकर जातं. तेवढं झडलं म्हणून खांब बाद करू नका, आत टणक लागतं का ते बघा. माणग्याच्या किंवा चिवारीच्या (बांबूच्या) काठ्या मातीत एक-दोन पावसाळे काढतात. त्यांची तपासणी करत बसण्यापेक्षा ठरलेल्या वेळी त्या बदलणंच सोपं.

सिमेंटच्या खांबाला खांबाच्या लांबीनं गेलेली उभी चीर शोधा, तिच्या कडेला तांबूस ओघळ असतो. आतली सळई गंजली की गंजाला मूळ लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा लागते, आणि तो सिमेंटला आतून फोडतो. खांब ओतताना सळईवर अर्धा-पाऊण इंचही सिमेंट नसेल किंवा खाडीची खारी वाळू वापरली असेल, तर हे फार लवकर होतं. अशा चिरेवर वरून सिमेंट फासून काही साधत नाही, गंज आत चालूच राहतो. असा खांब मधल्या ओळीत असेल तर आणखी एखाद-दोन वर्षं चालवून घेता येईल. कोपऱ्यात किंवा फाटकाला असेल तर मात्र तो बदला, कारण सगळा ताण तिथंच येतो. आडवी, केसाएवढी बारीक चीर असेल आणि तांबूस डाग नसेल, तर काळजी नको.

लोखंडी अँगल असेल तर जमिनीलगतचे पापुद्रे तारेच्या ब्रशनं उडवून उरलेली जाडी मोजा. पाच मिलिमीटरचा अँगल तीनच्या खाली आला असेल तर तो फार दिवसांचा सोबती नाही. बऱ्याचदा दोष अँगलचा नसतो, काँक्रीटच्या माथ्याचा असतो: मध्ये वाटीसारखा खड्डा राहिला की त्यात पाणी साठून अँगल कापल्यासारखा होतो. जाडी शाबूत असेल तर गंज खरवडा, वाटी भरून माथा बाहेरच्या बाजूला उतरता करा, आणि जमिनीच्या वर-खाली सहा-सहा इंच डांबरी रंगाचे दोन हात द्या.

आता तार आणि जाळी. जस्ताच्या तारेवर पांढरी भुकटी दिसत असेल तर घाबरू नका. जस्त स्वतः झिजून आतलं लोखंड राखतंय, हे त्याचंच लक्षण. तांबूस रंग उमटला की तिथलं जस्त संपलं. खालच्या वीतभर भागातली एखादी तार पकडीनं काटकोनात वाकवून सरळ करा, पुन्हा वाकवा. चांगली तार तीन-चार वेळा सहन करते. पहिल्या-दुसऱ्या वाकवणीत तुटली तर जाळीचा तेवढा भाग संपला. प्लास्टिकचं वेष्टण असलेल्या जाळीला कापलेल्या टोकांपाशी दाबून बघा. टोकातून शिरलेला गंज वेष्टणाखालून सरकत जातो आणि वरून हिरवं, चकचकीत दिसत राहतं.

जाळी लोंबत असेल तर आधी बांधणी पाहा. पुष्कळ ठिकाणी जाळी बांधायला गवंडी वापरतात ती काळी बांधणीतार वापरलेली असते. ती एक-दोन पावसाळ्यांत तुटते, आणि धड जाळी खाली बसते. जस्ताच्या १४ गेजच्या (दोन मिलिमीटर जाड) तारेनं पुन्हा बांधलीत की कुंपण उभं राहतं. तसंच कोपऱ्याचा एकच खांब आत कलला असेल तर बहुतेक वेळा त्याला तिरका टेकू दिलेला नसतो. जाळीच्या ताणानं तो ओढला गेला, एवढंच. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आणि मे २०२१ चं तौक्ते, या दोन्हींत कुंपणांवर माड-पोफळी पडल्या आणि घाईघाईनं ठिगळं लागली. अशा जागा वहीत वेगळ्या लिहून ठेवा, तिथले खांब बुडाशी तडकलेले असू शकतात.

गडगा असेल तर

चिऱ्याचा सुका गडगा (सिमेंटशिवाय रचलेली भिंत) काळा पडला, त्यावर शेवाळ आलं, म्हणून तो कमजोर होत नाही. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवेवर कडक होत जातो, जुना चिरा कित्येकदा नव्यापेक्षा कणखर असतो. हातोडीनं ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर चिरा पुन्हा वापरता येईल, भुगा सुटला तर तो भरावात जाईल.

गडग्याचं खरं दुखणं म्हणजे पोट सुटणं. वरून ओळंबा सोडा आणि फुगवटा मोजा. गडग्याच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त फुगवटा असेल तर तेवढा भाग उतरवून पुन्हा रचावा. दीड फुटी गडग्याला ही मर्यादा सहा इंच. उतरवताना फुगवट्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट जास्त घ्या, नाहीतर नव्या-जुन्याचा सांधा धरत नाही. वड-पिंपळाचं रोप फटीत आलं असेल तर नुसतं छाटून चालत नाही. चिरे काढून मूळ उपटावं लागतं.

सिमेंटनं बांधलेल्या भिंतीचं गणित निराळं आहे. कोकणातली बहुतेक परडी (घराभोवतीच्या जागा) उतारावर असतात. उताराला आडवी भिंत घातली आणि पाण्याला वाट ठेवली नाही, तर ती धरण होते. वरच्या अंगाला पाणी आणि भिजलेली माती रेटत राहते, आणि जुलैतल्या एखाद्या रात्री भिंत सबंधच्या सबंध खालच्या बाजूला आडवी होते. भिंत कलू लागली असेल पण चिरे शाबूत असतील, तर आधी पाण्याचा बंदोबस्त करा: पायथ्याशी दर सहा फुटांवर तीन इंची पाइपाची भोकं, आणि आतल्या अंगाला खडीचा थर. सुक्या गडग्याला हा त्रास नाही, त्याच्या फटींतून पाणी आपसूक निघून जातं. उतारावर पैसे कमी असतील तर आमचं मत सरळ गडग्याच्या बाजूनं आहे.

वई आणि जिवंत कुंपण

काट्यांची वई दरवर्षी घालायचीच असते, तिथं प्रश्नच नाही. गिरीपुष्प, मेंदी, अडुळसा, शेर यांचं जिवंत कुंपण सहसा सगळं बदलावं लागत नाही. खाली विरळ झालं असेल तर पावसाच्या तोंडावर दीड फुटावर छाटा, बुडापासून नवे फुटवे येतात. रिकाम्या जागी गिरीपुष्पाचे मनगटाएवढे, पाच-सहा फुटी दांडे जूनमध्ये फूटभर खोल, दीड-दीड फुटावर रोवा. शेर छाटताना चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, इजा गंभीर होते. मोगली एरंडाच्या बिया विषारी आहेत. घरात लहान मुलं असतील तर नव्यानं लावू नका.

हिशोब मांडताना

वहीत प्रत्येक खांबासमोर तीनपैकी एक खूण झाली असेल: चांगला, सैल, गेला. "गेले" चौथाईच्या आत आणि विखुरलेले असतील तर डागडुजी करा. एकेका कुजक्या लाकडी खांबाच्या बगलेला आखूड सिमेंटचा खांब रोवून दोघं तारेनं दोन ठिकाणी आवळले की काम होतं. एकाच बाजूला सलग तीन गेले असतील तर ती बाजू नवी घाला, कारण ताण पुढच्या खांबावर सरकतो आणि तोही जातो. एकूण तिसऱ्या हिश्शाहून जास्त गेले असतील तर कुंपण बदला. मधल्या आकड्यांत अडलात तर गड्याकडून दोन्हीचा रनिंग फुटाचा दर घ्या. डागडुजीचा आकडा नव्याच्या निम्म्यावर गेला तर नवंच परवडतं, कारण खड्डे खणण्याची मजुरी दोन्हीकडे तीच.

कुंपण कशासाठी आहे हेही याच वेळी ठरवा. गुरांसाठी चार फूट पुरतं. रानडुक्कर सहसा उडी न मारता खालून घुसतं. त्यासाठी उंची न वाढवता पायथ्याला चिऱ्याचे एक-दोन थर हवेत. वानर-माकडांना कुठलंही साधं कुंपण अडवत नाही, त्यांच्यासाठी जाळी उंच करण्यात पैसे घालू नका. आणि घरातल्या विजेची तार कुंपणाला कधीही, एका रात्रीपुरतीही जोडू नका. त्यानं माणसं मरतात आणि तो गुन्हा आहे. सौर झटका यंत्र वेगळं असतं, ते क्षणभराचे ठोके देतं. तेच घ्या आणि पाटी लावा.

उपटण्याआधी

जुनं कुंपण हा हद्दीचा साक्षीदार असतो. तो काढून टाकल्यावर वाद उभा राहिला तर दाखवायला काही उरत नाही. म्हणून आधी फोटो काढा, कोपऱ्यांत खुंट्या ठोका, शेजाऱ्याला समोर बोलवा. शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा आणि खुणा दाखवून झाल्यावरच खड्डे घ्या. सातबारावर सहहिस्सेदार असतील तर त्यांना आधी कळवा. पिढ्यानपिढ्यांची पायवाट, पाणंद किंवा पाण्याचा पाट कुंपणानं अडवू नका. वहिवाटीच्या रस्त्याचा अडथळा तहसीलदार १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली दूर करवू शकतात. हद्दीवरचा आंबा, फणस, ऐन, किंजळ, खैर तोडायचा असेल तर आधी परवानगी लागते. खाडीकडच्या बाजूला कांदळवन असेल तर त्याला हात लावू नका.

नवं घालायचं ठरलं तर माल किती

चार गुंठ्यांचं चौरस परडं धरू: ६६ फूट बाजू, २६४ फूट घेर. खांब आठ-आठ फुटांवर, म्हणजे ३३. पाच फुटी जाळीसाठी खांब आठ फुटी घ्या, अडीच फूट जमिनीत. चार कोपऱ्यांना दोन-दोन आणि फाटकाला दोन, असे दहा टेकू. खड्डा एक बाय एक बाय अडीच फूट आणि टेकूला दीड फूट खोल धरला, तर १:३:६ प्रमाणाच्या (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटला साधारण ११ ते १२ पोती सिमेंट, ४० घनफूट वाळू आणि ८० घनफूट खडी लागते. वाळू नदीची किंवा धुतलेली क्रशरची, खाडीची नको. कातळ लागला तर अडीच फुटांचा हट्ट नको. कातळात फूट-सव्वा फूट गेलेला खांब मातीतल्यापेक्षा घट्ट बसतो. अशा ठिकाणी जास्तीची लांबी वर ठेवू नका, बुडाकडून कापून घ्या.

जाळी १० गेजची घ्या, म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, १४ गेज दोनच मिलिमीटर भरते, आणि स्वस्त दराची मेख बहुतेक वेळा तिथंच असते. जस्ताचं जाड कोटिंग मागा आणि बिलावर तसं लिहून घ्या. वर, मध्ये, खाली अशा तीन ताणतारा १० गेजच्याच, एकूण सुमारे ८०० फूट, कापाकापी धरून १७-१८ किलो. जाळीचं बूड मातीपासून दोन इंच वर ठेवा. डुकरांचा त्रास असेल तर ती फट चिऱ्याच्या थरानं बंद करा, जाळी मातीत पुरू नका.

आधी चार कोपरे आणि फाटकाचे खांब टेकूसह उभे करा, मग दोरी ताणून मधले. काँक्रीटला सात दिवस पाणी मारा आणि त्यानंतरच जाळी ताणा. दुसऱ्याच दिवशी ताणली तर सगळे खांब आत ओढले जातात आणि मग ते सरळ होत नाहीत. माडाला, पोफळीला किंवा कलमाला तार बांधू नका. झाड वाऱ्यात हलतं आणि अख्खी ओळ ओढून नेतं, शिवाय सालीत रुतलेली तार पुढं कापणाऱ्याच्या कोयत्याला लागते.

लाकडीच खांब घालायचे असतील तर बुडाचा तीन फुटांचा भाग आधी पूर्ण सुकवून त्याला काजूच्या टरफलाचं तेल किंवा डांबर दोनदा चोपडा. काजूचं तेल कातडी भाजतं, हातमोजे घाला. ओल्या लाकडावर डांबर फासलं तर ओल आतच कोंडते आणि खांब आतून कुजतो.

काढलेल्या जुन्या जाळीतला वरचा भाग पुष्कळदा चांगला असतो. तो कापून कोंबड्यांच्या खुराड्याला किंवा पडवळ-दोडक्याच्या मांडवाला घाला. काटेरी तार मात्र गुंडाळी करून लगेच भंगारात द्या. गवतात राहिलेला हातभर तुकडाही गुरांच्या आणि माणसांच्या पायात जातो.